सुख नेमकं कोणाचं सोडताय?

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. माझं वय 41. एका विमा कंपनीत हिशेब विभागात अधिकारी आहे. नोकरी पक्की, साहेब चांगले, साडेसहाला घरी. खोटं कशाला बोलू, आयुष्य आरामाचं आहे. पण हा आरामच आता टोचायला लागलाय. माझा थोरला भाऊ दारूनं गेला. त्याच्या दफनविधीनंतर मी रविवारी दुपारी एका व्यसनमुक्ती केंद्रात प्रार्थना घ्यायला जाऊ लागलो. तिथून निघताना दर वेळी वाटतं, आपली जागा इथंच आहे. आणि सोमवारी टेबलाशी बसलो की वाटतं, मी इथं काय करतोय?

मागच्या उपास-प्रार्थनेच्या दिवसांत लूक 9:62 हे वचन समोर आलं. नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. ते वचन माझ्यासाठीच होतं. पाचारण झालंय याबद्दल मनात शंका नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. पाळकसाहेब म्हणतात, विश्वासानं पाऊल टाक, प्रभू पुरवठा करील.

अडचण घरची आहे. पत्नी शाळेत शिकवते. ती विरोध करत नाही, पण बोलतही नाही. मुलगी नववीत आहे. आई आमच्याजवळच असते, तिचे गुडघे गेलेत. घराचं कर्ज फिटायला अजून बरीच वर्षं आहेत. घरच्यांचा विश्वास कमी पडतोय, की मीच सुखाला चिकटून बसलोय? हे ओळखायचं कसं? (पत्नीला हा निर्णय मी मंडळीत साक्ष दिली तेव्हाच पहिल्यांदा कळला. कदाचित तेही तिला लागलं असेल.)

— एक वाचक

उत्तर : भाऊ, सलाम. पत्र मोठं आहे आणि मनापासून लिहिलेलं आहे. पण त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी कंसात टाकलंत. मी तिथूनच सुरुवात करते.

तुमची पत्नी बाकावर बसली आहे. तुम्ही पुढे उभे राहून सांगताय की प्रभूनं बोलावलं, नोकरी सोडतोय. आजूबाजूचे आमेन म्हणताहेत, दोघी-तिघी वळून कौतुकानं तिच्याकडे बघताहेत. आणि तिला त्याच क्षणी कळतंय की घराचा हप्ता, मुलीची फी आणि सासूबाईंची औषधं आता तिच्या एकटीच्या पगारातून. इतक्या लोकांसमोर ती काय करणार? हसली असेल. त्या दिवसापासून ती गप्प आहे आणि तुम्ही त्याला विश्वास कमी पडणं म्हणता. अहो, तिला अजून कोणी काही विचारलेलंच नाही. ती उत्तर देणार कशाचं?

‘मी सुखाला चिकटलोय का’ असं तुम्ही विचारता. मला वाटतं, त्याच्या आधी हे पाहावं की जे सुख तुम्ही सोडायला निघालात ते कोणाचं आहे. पगार तुमच्या नावावर जमा होतो, पण त्याच्यावर चार माणसं निर्धास्त झोपतात. राजीनाम्यानं त्या चौघांची झोप जाईल. त्यातला एकच जण स्वतःहून जागा राहायला तयार झालाय, आणि त्याला बदल्यात मनाचं समाधानही मिळणार आहे. बाकीच्या तिघींना काय मिळणार?

मराठी ख्रिस्ती माणसाला हे दुसऱ्यानं सांगावं लागू नये. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 1895 साली. त्या एका पावलाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ताटातुटीच्या वर्षांत कशी भरली, ते त्यांनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलंय आणि आपण ते हसत-रडत वाचत आलोय. टिळकांचं पाचारण खोटं होतं असं मी म्हणत नाही. माझी काय प्राज्ञा! पण त्यांच्यावर प्रवचन देणारे लक्ष्मीबाईंच्या वर्षांवरून भरकन पुढे जातात, याची मला नेहमी चीड येते.

आता तुमचं वचन. लूक 9:62. प्रभूनं ते म्हटलंय, आणि ते सौम्य करून सांगायचा मला अधिकार नाही. घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्यालाच त्यानं हे उत्तर दिलं. पण त्याच प्रभूनं मार्क 7 मध्ये परूश्यांना, म्हणजे त्या वेळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, झाडलंय. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलं असं जाहीर करायचं आणि आईबापांच्या बाबतीत हात वर करायचे, ही त्यांची रीत होती. देवाच्या नावाखाली देवाची आज्ञाच मोडता, असं तो त्यांना तोंडावर म्हणाला. पहिला माणूस घराच्या आड लपून देवाला टाळत होता, दुसरे देवाच्या आड लपून घराला. तुम्ही यातले कोण, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण उपास-प्रार्थनेत पहिलं वचन समोर येतं आणि दुसरं येत नाही, तेव्हा दुसरं मुद्दाम उघडून वाचावं, इतकं मी म्हणेन.

अंतोनी नावाचा मिसरी तरुण होता, मठवासी परंपरेचा मूळपुरुष मानतात त्याला. आईवडील वारलेले, धाकटी बहीण पदरात, घरची जमीन भरपूर. मंदिरात त्यानं ‘तुझं असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे’ हे शुभवर्तमान ऐकलं आणि खरंच सगळं विकलं. बिशप अथनासियसनं त्याचं चरित्र लिहिलंय, त्यात एक तपशील आहे. सगळं वाटून टाकताना त्यानं बहिणीसाठी थोडं राखून ठेवलं होतं. नंतर तेही दिलं, पण बहिणीला ओळखीच्या, विश्वासू व्रतस्थ स्त्रियांच्या हवाली करून मगच तो बाहेर पडला. हा माणूस पुढे वाळवंटात जाऊन राहिला, त्याला सुखलोलुप कोणी म्हणणार नाही.

आता कामाबद्दल. मी नर्स होते, नोकरी वॉर्डात गेली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. तुम्ही पाहता ती रविवारची दुपार हा त्या कामाचा सगळ्यात गोड भाग आहे. माणसं आंघोळ करून बसलेली असतात, गाणी म्हणतात, रडतात, तुमचा हात धरतात. तुम्ही संध्याकाळी घरी जाता. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काय होतं, ते तुम्ही पाहिलंय का? हात इतके थरथरतात की शर्टाचं बटण लागत नाही. माणूस चादरीवरचे किडे वेचत बसतो, चादरीवर काहीच नसतं. आपल्याला मारायला कोणीतरी दाराशी उभं आहे म्हणून पलंगाखाली शिरतो. फिट येते, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. तिथं प्रार्थना जरूर करावी, पण आधी डॉक्टरला हाक मारावी. चांगल्या इच्छेपोटी ‘आजपासून थेंबही नको’ असं बजावून माणसाला खोलीत बंद करणारे देवभक्त मी पाहिलेत, आणि त्यांच्या हातून काय होता होता राहिलं तेही पाहिलंय.

त्यातून तो वाचतो, बरा होतो, साक्ष देतो, घरी जातो. काही महिन्यांनी पुन्हा येतो. त्या वेळी तो तुमच्या गळ्यात पडत नाही, तुम्हाला शिव्या घालतो. त्याच्या बायकोला तुमच्याकडून प्रार्थना नको असते. तो कपाटातलं काय काय विकून बसलाय याची यादी तिला कोणाला तरी ऐकवायची असते. मंगळवारी पहाटे तीनला हे करायला कोण जागं असतं? तेच त्या कामाचे खरे सेवक. त्यांच्यातल्या बहुतेकांनी मंडळीत कधी साक्ष दिलेली नसते.

म्हणून राजीनामा टेबलाच्या खणात राहू द्या. साठलेली रजा असेल, ती काढा. त्याच केंद्रात जा आणि सांगा, मला प्रार्थना घ्यायची नाही, रात्रपाळीला लावा. फरशी पुसायला सांगतील, उलट्या भरायला सांगतील, ते करा. रजा संपल्यावर संध्याकाळी जात राहा. समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घ्या, नोकरी सांभाळूनही ते होतं. हे सगळं झाल्यावरही तुमचं मन तिथंच ओढ घेत असेल, तर मी त्या ओढीवर उघडलेल्या वचनापेक्षा जास्त भरवसा ठेवीन.

भावाबद्दल एक लिहू का? रागावू नका. त्याला वाचवता आलं नाही, ही सल त्या केंद्राच्या दारापर्यंत तुम्हाला घेऊन आली. देव अशा वाटेनंही माणसाला आणतो. पण तिथली माणसं तुमच्या भावाच्या जागी आलेली नाहीत. त्यांच्यातला एखादा पुन्हा पिऊ लागला की तुम्ही भावाला दुसऱ्यांदा पुराल, आणि असं किती वेळा पुरणार? तुमच्या दुःखाचं ओझं त्यांनी बरं होऊन उतरवायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. आधी कोणाजवळ तरी बसून भावासाठी रडून घ्या. पाळकसाहेबांजवळ, मित्राजवळ. पत्नीजवळ रडलात तर फार बरं, तीही त्याची भावजय होती.

पाळकसाहेबांचा विषय निघालाच आहे, तर ‘प्रभू पुरवठा करील’ म्हणजे काय, हे त्यांना नीट विचारा. अंत्युखियाच्या मंडळीनं बर्णबा आणि पौल यांना पाठवलं तेव्हा आधी उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले, मग रवाना केलं. पाचारण एकट्या पौलाच्या कानात राहिलं नाही, मंडळीनं ते आपल्या अंगावर घेतलं. फिलिप्पैकरांनी पौलाला पुन्हा पुन्हा मदत पाठवली, ती कोणाच्या तरी गाठीची होती. आणि करिंथात हाच पौल हातानं तंबू शिवून पोट भरत होता. तुमची मंडळी कार्यकारी समितीत ठराव करून दरमहा काही देणार आहे का? की आमेन म्हणून मोकळी झाली? आमेनवर कर्जाचा हप्ता जात नाही.

माझ्या मते तुम्ही बायबलातला नहेम्या वाचावा, आणि तोही हिशेबनीसाच्या नजरेनं. तो पारसाचा राजा अर्तहशश्त याचा प्यालेबरदार, राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक होता, म्हणजे नोकरी तुमच्यापेक्षा पक्की आणि राजवाड्यातली. यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. तो रडला, त्यानं उपास केला. राजापुढे बोलला तो नीसान महिन्यात, म्हणजे चारेक महिन्यांनी. बोलला तेव्हा त्याच्याजवळ सगळी तयारी होती. राजाला त्यानं किती दिवसांत परत येईन याची मुदत सांगितली, वाटेतल्या अधिकाऱ्यांना पत्रं मागितली, लाकडासाठी वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावानं पत्र मागितलं. यरुशलेमेत पोचल्यावर रात्री थोडी माणसं घेऊन तट पाहून आला, आणि आपल्या मनात काय आहे ते तोवर कोणाला सांगितलं नाही. आधी पाहिलं, मग बोलला. तट 52 दिवसांत उभा राहिला हे सगळ्यांना पाठ असतं, त्याआधीचे चार महिने कोणी मोजत नाही.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर माझं पत्र घडी करून बायबलात ठेवाल आणि निवृत्तीपर्यंत तयारीच करत बसाल. हिशेब विभागातल्या माणसाला हा धोका जास्त! अंतोनीनं ऐकलेलं ते ‘विकून दे’ वचन प्रभूनं ज्याला सांगितलं, तो धनवान तरुण खिन्न होऊन निघून गेला, त्यानंही बहुधा ‘नाही’ म्हटलं नसेल, ‘बघतो’ म्हटलं असेल. नहेम्यानं मुदत सांगितली, तशी तुम्हीही ठरवा. पत्नीबरोबर बसून एक तारीख काढा. तोवर तुमच्या पगाराला हात न लावता घर चालवून पाहा, तो कर्जात भरा. अर्ध्या पगाराची किंवा अर्धवेळ नोकरी मिळते का, ते बघा. मुलीची दहावी होऊ द्यावी असं पत्नी म्हणाली, तर ते ऐका. तारीख आली आणि काम, घर, मंडळी तिन्ही ठिकाणचा कल तोच असला, तर मात्र एक दिवसही मागेपुढे करू नका. शेत नांगरणाऱ्या अलीशाला एलीया संदेष्ट्यानं बोलावलं, तेव्हा त्यानं बैलांची जोडी कापली, नांगराच्या लाकडावर मांस शिजवून लोकांना जेवू घातलं आणि एलीयाच्या मागे गेला. त्याला परतायला औतच राहिलं नाही. पण त्यानंही आधी आईबापांचं चुंबन घेऊन येतो म्हणून विचारलं होतं, हे त्याच अध्यायात आहे.

पत्नीशी बोलाल तेव्हा वचनं घेऊन बसू नका. तिला विचारा, त्या रविवारी बाकावर बसल्या बसल्या तुझ्या मनात काय आलं? आणि ती बोलायला लागली की मध्ये प्रार्थना सुरू करू नका.

प्रश्न : ताई, मी 63 वर्षांची, निवृत्त. चाकरी केली, सासू-सासऱ्यांचं केलं, मुलं मार्गी लावली. आता कुठे निवांत बसायला मिळतंय. पण ‘सुखाचा त्याग करा, प्रभू हाक मारतोय’ असं प्रवचन ऐकलं की अपराधी वाटतं. मी अजून काय सोडू?

उत्तर : काही नका सोडू. अपराधी वाटणं तेवढं सोडा.

अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता, हे तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवलंच असेल. टिळकांनी पंचावन्नाव्या वर्षी, 1917 मध्ये, मिशनचं पगारी काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, हेही कोणी सांगेल. दोन्ही खरं आहे. पण दोघेही अपराधी वाटलं म्हणून निघाले नव्हते. त्यांना कुठेतरी जायचं होतं. तुम्हाला जायचंय का? असेल तर लिहा, मग बोलू. नसेल तर एलीयाची गोष्ट काढून वाचा. थकून मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूतानं उपदेश केला नाही. खायला दिलं, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा खायला दिलं. त्या अध्यायावर प्रवचन फार कमी होतं.

प्रश्न : माझी 23 वर्षांची मुलगी सिस्टर व्हायला निघाली आहे. आमचं घर धार्मिक आहे, त्यामुळे सगळे अभिनंदन करताहेत. ‘सुखाचं आयुष्य सोडतेय, भाग्यवान आई तू’ म्हणतात. मला मात्र रात्री झोप लागत नाही. एकुलती एक आहे. तिचं लग्न, नातवंडं, सगळं मनात रंगवलं होतं. हे भावनेच्या भरात असलं तर? आणि म्हातारपणी मला कोण? हे विचारलं तर देवाच्या आड येतेय असं होईल का?

— एक आई

उत्तर : बाई, विचारा. देवाच्या आड यायला तुमच्यापेक्षा मोठं काहीतरी लागतं.

आधी भावनेच्या भराचं. मी कॅथलिक नाही, पण सिस्टरांबरोबर खूप काम केलंय, त्यांच्या वाटेचे टप्पे मला माहीत आहेत. तुमची चर्चच भावनेच्या भरावर विश्वास ठेवत नाही, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. 1983च्या चर्च-कायद्याप्रमाणे सतरा वर्षं पुरी झाल्याशिवाय नवशिष्या, म्हणजे शिकाऊ सिस्टर म्हणून घेतच नाहीत. त्याआधी उमेदवारीचा काळ असतो. मग नवशिष्यत्व, ज्याला सगळे नॉव्हिशिएट म्हणतात, ते निदान बारा महिन्यांचं. त्यातून ती कधीही बाहेर पडू शकते, आणि तिला परतही पाठवू शकतात. पुढची व्रतंसुद्धा तात्पुरती, ठरावीक मुदतीची, तीन ते सहा वर्षांची. गरज वाटली तर ती मुदत वाढवतात, पण सगळी मिळून नऊ वर्षांच्या वर जाऊ देत नाहीत. आणि मग कायमची व्रतं. लग्नाच्या आधी कोणी कोणाला इतकं पारखून घेत नाही! मदर तेरेसांना 1946 मध्ये आगगाडीत गोरगरिबांत जाऊन राहण्याची हाक ऐकू आली, तेव्हा त्या कितीतरी वर्षांपासून व्रतस्थ होत्या. तरी कॉन्व्हेंटबाहेर पाऊल टाकायला त्यांना परवानगीची वाट पाहत 1948चा ऑगस्ट उजाडला.

तेव्हा मुलीची काळजी थोडी कमी करा. तुमचं दुखणं वेगळं आहे आणि ते खरं आहे. वर एका भावाला मी लिहिलंय की किंमत घरच्यांवर टाकू नका. तुमच्या घरी मात्र ती काही प्रमाणात तुमच्यावर पडणारच, कारण मुलगी सज्ञान आहे आणि तिच्यावर कर्ज नाही, लेकरू नाही. लग्न आणि नातवंडं हे सुख तुम्ही मनात मांडलं होतं. ते मोडलंय, त्याबद्दल रडायला कोणाची परवानगी लागत नाही. अभिनंदन करणाऱ्यांना सांगा, ‘मला आनंद व्हायला वेळ लागेल.’ प्रभूला घरी न्यायला त्याचे घरचे आले होते, त्यांच्यात मरियाही होती. मार्क तिसरा अध्याय. मार्कानं तिच्यावर त्याबद्दल ठपका ठेवलेला नाही.

म्हातारपणाचा प्रश्न मात्र मनात ठेवू नका. मुलीला घेऊन त्या मठाच्या वरिष्ठ सिस्टरांकडे जा आणि सरळ विचारा. घरी किती वेळा पाठवता? आई आजारी पडली तर किती दिवस सोडता? फोनचा नियम काय? प्रत्येक संघाचे नियम वेगळे असतात, आणि चांगल्या वरिष्ठ अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. रागावल्या तर तेही मुलीच्या देखतच होऊ द्या, तिलाही कळायला हवं. तुमच्या मिळकतीचं, घराचं काय करायचं, हेही आत्ताच वकिलाशी बोलून घ्या.

आणि तिच्या पहिल्या व्रतांना जायचं की नाही, याचा विचार आज करू नका. अजून वर्ष-दोन वर्षं आहेत.